माणसाचा मेंदू आणि कपींचा मेंदू: फरक नेमका कुठे आहे?

पुरातन (धागाकर्ती)

कपी म्हणजे चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान ही आपली बिनशेपटीची भावंडं. चिंपांझीचा मेंदू भरतो साधारण ३५० ते ४०० ग्रॅम, गोरिलाचा ५०० च्या आसपास आणि आपला १३०० ते १४०० ग्रॅम. हे आकडे बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेले असतात आणि विषय बहुधा तिथेच मिटतो: मेंदू मोठा झाला, म्हणून माणूस शहाणा झाला. या उत्तराने माझं समाधान होत नाही. या विषयावर वाचता वाचता माझं मत असं झालंय की चिंपांझीकडे नाही असा एकही नवा भाग आपल्या मेंदूत नाही. बदललंय ते वाढीचं वेळापत्रक. गर्भात पेशी विभागायला लागतात तिथपासून विशीतल्या तरुणाच्या मेंदूतल्या जोडण्या पक्क्या होईपर्यंत, जवळजवळ प्रत्येक टप्पा माणसात लांबलेला दिसतो. हे मत इथे मांडते आहे, सगळे मिळून तपासून बघू या.

आधी नातं स्पष्ट करते, कारण चर्चा इथेच वाट चुकते. माणूस चिंपांझीपासून झालेला नाही. आपला आणि चिंपांझी-बोनोबोंचा समाईक पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत होता. गोरिलाची शाखा त्याच्या आधी फुटली, ओरांगउटानची त्याहून कितीतरी आधी. त्यामुळे चिंपांझीला गोरिलापेक्षा माणूस जवळचा. आणि त्या पूर्वजापासून आपण जितकी वर्षं उत्क्रांत होत आलो तितकीच चिंपांझीही होत आला आहे. आजचा चिंपांझी बघून आपला पूर्वज अगदी तसाच असणार असं धरून चालता येत नाही.

मग मेंदू वाढला कधी? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुतेक विद्वानांची खात्री होती की आधी डोकं मोठं झालं असणार आणि बाकी शरीर मागाहून बदललं असणार. १९१२ मध्ये इंग्लंडमधल्या पिल्टडाउनला 'सापडलेली' कवटी या अपेक्षेत चपखल बसली: मेंदूची कवटी माणसासारखी, जबडा कपीसारखा. प्रत्यक्षात ती माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा जोडून केलेली लबाडी होती, पण ते सिद्ध व्हायला १९५३ उजाडलं. दरम्यान १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या टाउंगला एका लहान मुलाची कवटी मिळाली. तिच्या आत गाळ भरून दगड झाला होता, त्यामुळे मेंदूच्या आकाराचा नैसर्गिक साचाच हाती आला. मेंदू कपीएवढा, पण पाठीचा कणा कवटीला जिथे जोडला जातो ते छिद्र खालच्या बाजूला, म्हणजे हे मूल सरळ उभं राहून चालणारं. रेमंड डार्टने हे १९२५ मध्ये प्रसिद्ध केलं आणि पुढची वीसएक वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी गांभीर्याने बघितलं नाही.

डार्टचं म्हणणं बरोबर निघालं. इथिओपियात हडारला १९७४ मध्ये सापडलेली 'लूसी' ३२ लाख वर्षांपूर्वीची. ती दोन पायांवर चालत होती, पण तिच्या प्रजातीचा मेंदू सरासरी ४५० घनसेंटिमीटरच्या जवळपास, चिंपांझीहून थोडाच मोठा. त्यानंतर 'होमो' या आपल्याच प्रजातीगटात: होमो हॅबिलिसमध्ये सहाशेच्या आसपास, होमो इरेक्टसमध्ये नऊशेच्या आगेमागे (कमीजास्त पुष्कळ), आणि आपण व निअँडरथल तेराशे ते पंधराशेच्या पट्ट्यात. निअँडरथलांचा मेंदू सरासरीने आपल्याहून लहान नव्हता, हेही लक्षात असू द्या. म्हणजे दोन पायांवर चालायला लागल्यानंतर निदान वीसएक लाख वर्षं मेंदू जवळजवळ होता तेवढाच राहिला आणि मग सुमारे वीस लाख वर्षांत तिपटीने वाढला.

जिज्ञासू

छान धागा. पण आकारच निर्णायक असेल तर हत्तीचं काय? त्याचा मेंदू साडेचार-पाच किलोचा असतो ना? आणि देवमाशांचा तर त्याहून मोठा.

पुरातन

जिज्ञासू, हा प्रश्न फार वर्षं नुसत्या तर्काने सोडवला जात होता, कारण चेतापेशी मोजायची खात्रीची पद्धतच नव्हती. ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हाउझेल यांनी ती शोधली. मेंदूची उती विरघळवून तिचं एकजीव द्रावण करायचं, त्यात पेशींची केंद्रकं तरंगत राहतात, ती रंगवून थोड्या नमुन्यात मोजायची आणि एकूण संख्या काढायची. २००९ मध्ये माणसाच्या मेंदूसाठी उत्तर आलं ८६ अब्ज चेतापेशी. त्याआधी पुस्तकांतून शंभर अब्ज हा गोल आकडा फिरत होता.

त्या ८६ अब्जांपैकी सुमारे १६ अब्ज बाह्यकात म्हणजे कॉर्टेक्समध्ये (मेंदूचा बाहेरचा घडीदार थर), बाकी बहुतेक लहान मेंदूत (सेरेबेलम, डोक्याच्या मागे खालच्या बाजूला असलेला मेंदूचा भाग). आफ्रिकन हत्तीच्या मेंदूत एकूण २५७ अब्ज निघाल्या, आपल्या तिप्पट. पण त्यातल्या जवळजवळ ९८ टक्के लहान मेंदूत, बाह्यकात फक्त साडेपाच अब्जांच्या आसपास. मेंदू एवढा मोठा, पण बाह्यकातल्या पेशी आपल्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या.

याचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. उंदीर-घुशींच्या कुळात पेशींची संख्या वाढली की प्रत्येक पेशीही मोठी होत जाते, त्यामुळे मेंदू झपाट्याने फुगतो. त्यांच्या हिशेबाने ८६ अब्ज पेशींचा मेंदू तीस किलोंहून जड झाला असता. माकडं, कपी आणि माणूस ज्या गणात येतात त्या नरवानर गणात पेशींची संख्या वाढली तरी आकार फारसा वाढत नाही. कमी जागेत जास्त पेशी बसतात. या गणाचं सूत्र घेऊन आपल्या वजनाचा मेंदू मांडला तर पेशींची संख्या जेवढी यायला हवी जवळजवळ तेवढीच आपल्यात आहे. आपला मेंदू म्हणजे वाढवलेला नरवानराचा मेंदू, नियमाला अपवाद नाही.

उत्तरध्रुव

इथे एक अडचण आहे. पायलट व्हेल नावाच्या डॉल्फिनकुळातल्या प्राण्याच्या बाह्यकात २०१४ मध्ये ३७ अब्जांच्या आसपास चेतापेशी मोजल्या गेल्या. आपल्या दुपटीहून जास्त. मोजणीची पद्धत वेगळी होती, तरी फरक लहान नाही. तेव्हा 'बाह्यकातल्या पेशी म्हणजे बुद्धी' हे समीकरणही टिकत नाही. पेशी एकमेकींना कशा जोडल्या आहेत हे बघायला लागेल.

पुरातन

मान्य. म्हणूनच मी संख्येवर थांबत नाहीये. संख्या ही पात्रता असेल, पण त्यावरून सगळं ठरत नाही.

सांजवेळ

मला इतिहासाची आवड आहे म्हणून एक भर घालते. 'माणसाच्याच मेंदूत असलेला खास भाग' शोधायचा खटाटोप जुना आहे. १८५७ मध्ये रिचर्ड ओवेन या नावाजलेल्या शरीरशास्त्रज्ञाने जाहीर केलं की 'हिप्पोकॅम्पस मायनर' नावाचा उंचवटा फक्त माणसाच्या मेंदूत असतो आणि त्या आधारावर माणसाला सस्तन प्राण्यांत वेगळा उपवर्ग द्यावा. टॉमस हक्सली यांनी पुढच्या चार-पाच वर्षांत कपींचे मेंदू कापून दाखवून दिलं की तो उंचवटा त्यांच्यातही आहे. वाद वर्तमानपत्रांपर्यंत गेला होता. तेव्हापासून असे बरेच भाग पुढे आले आणि एकेक करून कपींत सापडले. १९९९ मध्ये मोठ्या तकलीसारख्या आकाराच्या फॉन इकॉनोमो पेशींबद्दल असंच झालं. त्या माणसाबरोबर चारही मोठ्या कपींत निघाल्या, आणि नंतर देवमासे आणि हत्तींतसुद्धा.

पिंपळपान

पण सरपटणाऱ्या प्राण्यांचा मेंदू तळाशी, त्यावर सस्तन प्राण्यांचा भावनांचा मेंदू आणि सगळ्यात वर विचार करणारा माणसाचा मेंदू, असे तीन थर असतात ना? ते तर माणसाचं वैशिष्ट्य झालं.

उत्तरध्रुव

पिंपळपान, ती मांडणी पॉल मॅक्लीन यांची, १९६० च्या दशकातली. लोकप्रिय झाली, पण तुलनात्मक मेंदूविज्ञानात ती आता कुणी धरत नाही. जुन्या मेंदूवर नवे थर चढत गेले असं झालेलंच नाही. मासा, सरडा, पक्षी, उंदीर, माणूस या सगळ्यांच्या मेंदूचा मूळ आराखडा एकच आहे, त्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वंशांत कमीजास्त वाढले. बाह्यक उंदरालाही असतं. पक्ष्यांमध्ये त्याच्याशी नातं असलेल्या भागात पेशींची दाटी इतकी असते की कावळे-पोपट काही कोडी माकडांच्या तोडीने सोडवतात.

अनाहत

ऊर्जेबद्दल अजून कुणी बोललेलं नाही. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के आणि विश्रांतीच्या वेळची ऊर्जा खातो सुमारे २० टक्के. एवढा खर्चिक अवयव तिपटीने वाढवायचा तर ती ऊर्जा कुठून आली? लेस्ली आयेलो आणि पीटर व्हीलर यांनी १९९५ मध्ये मांडलेली कल्पना मला पटते: आतडंही तितकंच खर्चिक. आपलं आतडं आपल्या आकाराच्या नरवानराच्या मानाने लहान आहे. मांस, कंद, पुढे शिजवलेलं अन्न अशा पचायला हलक्या आहारामुळे आतडं आखूड झालं आणि वाचलेली ऊर्जा मेंदूला मिळाली.

उत्तरध्रुव

अनाहत, कल्पना सुंदर आहे, पण २०११ मध्ये शंभर सस्तन प्रजातींची मापं घेऊन ती तपासली गेली. शरीरातली चरबी वजा करून हिशेब केला तेव्हा मोठा मेंदू आणि लहान आतडं यांची जोडी सार्वत्रिक निघाली नाही. माणसापुरती ती खरी असू शकते, पण 'नियम' म्हणता येणार नाही. शिवाय २०१६ मध्ये हर्मन पॉन्ट्झर आणि सहकाऱ्यांनी माणूस आणि मोठे कपी दिवसाला एकूण किती ऊर्जा खर्च करतात ते मोजलं. शरीराच्या आकाराचा फरक काढून टाकल्यावरही माणूस चिंपांझीपेक्षा दिवसाला सुमारे ४०० किलोकॅलरी जास्त जाळतो. म्हणजे आपण एका अवयवाची ऊर्जा दुसऱ्याला दिली असेलही, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकूण खर्चच वाढवला. आणि तो भागवायला अंगावर चरबीचा साठा ठेवला. कपींच्या मानाने माणूस बराच चरबीदार प्राणी आहे.

पुरातन

या ऊर्जेच्या हिशेबातलीच एक गोष्ट माझ्या मुद्द्याशी थेट जोडलेली आहे. २०१४ मध्ये ख्रिस्तोफर कुझावा आणि सहकाऱ्यांनी वयानुसार मेंदूचा खर्च काढला. तो जन्माच्या वेळी शिखरावर नसतो. चार-पाच वर्षांच्या मुलाचा मेंदू शरीराच्या एकूण ऊर्जेतली चाळीस टक्क्यांहून जास्त खातो. आणि नेमक्या त्याच वयात मुलाच्या शरीराची वाढ सगळ्यात मंद असते! मेंदूत जोडण्यांचं काम जोरात चालू आहे तोवर शरीर थांबवून धरलेलं. पुढे मेंदूची भूक उतरते आणि वयात येताना उंची एकदम वाढते. चिंपांझीत उंचीची अशी झेप दिसत नाही. आपलं लांबलचक बालपण हा मेंदूचा खर्च हप्त्याहप्त्याने फेडण्याचा मार्ग आहे असं मला वाटतं.

शुक्रतारा

मी नवजात बाळांच्या विभागात काम करते, त्यामुळे हा धागा वाचताना राहवलं नाही. जन्मलेल्या बाळाचा मेंदू प्रौढ मेंदूच्या तीस टक्क्यांहूनही थोडा कमी असतो. चिंपांझीच्या पिल्लाचा चाळीसच्या आसपास. आपल्या बाळाची टाळू जन्मानंतर वर्ष-दीड वर्ष उघडी राहते ती यासाठीच, की आतला मेंदू पहिल्या वर्षात दुपटीहून जास्त होणार असतो. बाळ मान धरत नाही, सरकत नाही, आईला घट्ट पकडूनही ठेवत नाही (कपींचं पिल्लू आईच्या केसांना धरून लटकू शकतं), पण डोळे आणि कान चालू असतात. मेंदू वाढतो तो चेहरे, आवाज, बोलणं यांच्या सान्निध्यात. गर्भाच्या अंधारात होऊ शकलं असतं ते काम आपल्यात माणसांमध्ये राहून होतं. पुरातनताई, तुमच्या 'वेळापत्रका'चा मला दिसणारा भाग हा.

पुरातन

शुक्रतारा, खूप आभार, हे प्रत्यक्ष पाहणाऱ्याकडून ऐकायला मिळालं. तुम्ही म्हणता ते पुढेही चालू राहतं. मेंदूच्या पुढच्या भागात चेतासंधी (चेतापेशींमधल्या जोडण्या) तयार होण्याशी निगडित जनुकांची हालचाल चिंपांझी आणि मकाक माकडात पहिल्या वर्षातच शिखर गाठते, माणसात पाचव्या वर्षापर्यंत, असं २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं. चेतातंतूंवर मायलिनचं वेष्टण चढण्याचं काम चिंपांझीत वयात येईपर्यंत आटोपतं, आपल्यात विशीतही चालू असतं.

जिज्ञासू

हे वेळापत्रक बदललं कशामुळे? जनुकांत काही सापडलंय का?

पुरातन

सापडलंय, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांतलं हे संशोधन मला सगळ्यात आवडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माणूस आणि चिंपांझी यांच्या जनुकीय मजकुरात अक्षराला अक्षर लावलं तर साधारण १.२ टक्का फरक येतो. तुकडे गळणं-भर पडणं धरलं तर तो वाढतो. मेरी-क्लेअर किंग आणि ॲलन विल्सन यांनी १९७५ मध्येच म्हटलं होतं की दोघांची प्रथिनं इतकी सारखी आहेत की खरा फरक जनुकं कधी आणि किती चालू होतात यात असला पाहिजे. नंतर तसेच पुरावे येत गेले. २००६ मध्ये कॅथरीन पोलार्ड यांनी ११८ अक्षरांचा एक तुकडा दाखवला. कोंबडी आणि चिंपांझी यांच्यात त्यात फक्त दोन अक्षरांचा फरक, म्हणजे तीस कोटी वर्षं जवळजवळ हात न लागलेला. चिंपांझी आणि माणूस यांच्यात मात्र अठरा अक्षरांचा. आणि तो चालू असतो गर्भातल्या बाह्यकाच्या वाढीत.

दुसरा मार्ग म्हणजे जनुकाची प्रत निघणं. एसआरगॅप२ नावाच्या जनुकाच्या जास्तीच्या प्रती फक्त माणसाच्या वंशात आहेत. त्यातली 'क' प्रत साधारण २४ लाख वर्षांपूर्वीची. ती काय करते? मूळ जनुकाच्या कामाला आडकाठी करते, त्यामुळे चेतासंधी सावकाश पक्व होतात आणि शेवटी दाट होतात. उंदरात ती घातली तर त्याच्या पेशीही तशाच वागतात. म्हणजे एक जनुक, आणि त्याचा परिणाम थेट 'उशीर'!

एनओटीसीएच२एनएल हे असंच दुसरं जनुक, २०१८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी ओळखलेलं. गर्भातल्या मूळ पेशींना ते चेतापेशी बनण्यापासून थोडा काळ रोखतं, तेवढ्यात त्या आणखी विभागून घेतात. एआरएचजीएपी११बी हे तिसरं. ते २०२० मध्ये मार्मोसेट माकडाच्या गर्भात घातलं तेव्हा बाह्यक मोठं झालं आणि एरवी गुळगुळीत असणाऱ्या त्या मेंदूवर घड्या पडल्या. ती पिल्लं जन्माला येऊ दिली नाहीत. तो निर्णय मला योग्य वाटतो.

आणि २०२१ मधला केंब्रिजचा प्रयोग. माणूस, गोरिला आणि चिंपांझी यांच्या पेशींपासून मेंदूच्या उतीचे बारीक गोळे, ऑर्गनॉइड, प्रयोगशाळेत वाढवले. सुरुवातीच्या मूळ पेशी एका आकारातून दुसऱ्या आकारात जातात आणि मग त्यांचं विभाजन मंदावतं. कपींत या बदलाला सुमारे पाच दिवस लागले, माणसात सात. दोन दिवसांचा फरक क्षुल्लक वाटेल, पण पेशी दुपटीने वाढत असतात. दुपटीची एखाददुसरी फेरी जास्त मिळाली की पुढचा सगळा मेंदू मोठा होतो. एका जनुकाची वेळ पुढेमागे केल्यावर गोरिलाचे गोळे माणसासारखे आणि माणसाचे गोरिलासारखे वाढले.

उत्तरध्रुव

मांडणी भक्कम आहे, तरी 'नवीन काही नाही' याला माझा आक्षेप राहतो. मेंदूच्या पुढच्या खंडाचंच घ्या. कातेरिना सेमेंदेफेरी यांच्या २००२ च्या मापनात पुढच्या खंडाचं एकूणात प्रमाण माणसात आणि मोठ्या कपींत जवळपास सारखंच आलं. पण २०१८ मध्ये फक्त कपाळामागचा अगदी पुढचा भाग वेगळा काढून मोजला तेव्हा तो माणसात प्रमाणानेही मोठा निघाला. सीमा कुठे आखायची यावर अजून मतभेद आहेत. त्याहून ठोस गोष्ट म्हणजे कानामागून वळसा घेऊन पुढच्या खंडाला जाणारा तंतूंचा जाड पट्टा, आर्क्युएट. जेम्स रिलिंग यांनी २००८ मध्ये दाखवलं की माणसात तो कानशिलाकडच्या खंडात खोलवर पोचतो, शब्दांचे अर्थ जिथे हाताळले जातात तिथपर्यंत. चिंपांझीत तिथली शाखा नगण्य. हे नुसतं उशिराने होणाऱ्या वाढीने कसं येईल?

पुरातन

माझ्या मतावरचा सगळ्यात जड आक्षेप हाच आहे, आणि तो मी टाळणार नाही. दोन गोष्टी म्हणते. एक, पट्टा चिंपांझीतही आहे, त्याची एक शाखा आपल्यात प्रचंड वाढली. दुसरं, बाह्यकाचे जे भाग उशिरा आणि जास्त वाढतात तेच एकमेकांना दूरवरून जोडलेले असतात. वाढीचा काळ लांबला की अशा भागांना जास्त वाव मिळतो. पण ही शाखा फक्त वेळेमुळेच वाढली असं सिद्ध झालेलं नाही. भाषेसाठी स्वतंत्र निवडीचा दाब असणं मला पूर्ण शक्य वाटतं.

पिंपळपान

मग चिंपांझी स्मरणशक्तीत माणसाला हरवतो ते कसं? क्योटोच्या आयुमूबद्दल वाचलं होतं.

सांजवेळ

आयुमूचा प्रयोग २००७ चा. पडद्यावर काही आकडे क्षणभर दिसतात, मग पांढऱ्या चौकोनांनी झाकले जातात, आणि चढत्या क्रमाने बोट लावायचं. आकडे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढेच दाखवले तेव्हा आयुमू विद्यार्थ्यांपेक्षा सरस ठरला. पण आयुमूने सराव भरपूर केला होता, विद्यार्थ्यांनी नाही. नंतर माणसांना तेवढा सराव दिल्यावर ती त्याच्या बरोबरीला आली. तरीही माझ्या मते आयुमूची कामगिरी कमी होत नाही. तो जे करतो ते बघून दिपायला होतंच.

फरक बघायचा तर एस्तर हेरमान, मायकेल टोमासेलो आणि सहकाऱ्यांचा त्याच वर्षीचा अभ्यास बघा. शंभरावर चिंपांझी, तीसेक ओरांगउटान आणि अडीच वर्षांची शंभरावर मुलं यांना एकच चाचण्यांचा संच दिला. वस्तू कुठे लपवली, कशात जास्त आहे, काठीने कसं ओढायचं, यांत मुलं आणि चिंपांझी जवळपास बरोबरीचे. दुसऱ्याचं बघून शिकणं, त्याचा हेतू आणि इशारा ओळखणं यांत मुलं कितीतरी पुढे. अडीच वर्षांच्या मुलाचा मेंदू तेव्हाच चिंपांझीहून खूप मोठा असतो, पण व्यावहारिक कोड्यांत त्याचा फायदा दिसत नाही.

उत्तरध्रुव

त्यातही एक जोड हवी. २०१६ मध्ये नजरेचा मागोवा घेणाऱ्या यंत्राने चिंपांझी, बोनोबो आणि ओरांगउटान यांना छोटे चित्रपट दाखवले. वस्तू हलवली गेली हे न पाहिलेला माणूस ती कुठे शोधेल, याचा अंदाज त्यांची नजर बरोबर बांधत होती. दुसऱ्याचा गैरसमज ओळखण्याची निदान सुरुवात त्यांच्यात आहे.

अनाहत

लहान मेंदूच्या मानवांबद्दल कुणी बोलणार का? इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर २००३ मध्ये मिळालेल्या होमो फ्लोरेसिएन्सिसचा मेंदू ४०० घनसेंटिमीटरच्या थोडा वर, चिंपांझीएवढा. दगडी हत्यारं त्याच्याबरोबर त्याच गुहेत. दक्षिण आफ्रिकेतला होमो नालेदी पाचशेच्या आसपास, आणि तो होता फक्त अडीच ते साडेतीन लाख वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्या प्रजातीची सुरुवात होत होती तेव्हा! मेंदू सतत वाढतच गेला ही सरळ चढती रेघ या दोघांनी मोडली.

उत्तरध्रुव

आणि त्याच्या उलटही आहे. जॉर्जियातल्या दमानिसीला मिळालेल्या सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीच्या होमोच्या कवट्या आतून तपासल्यावर, मेंदूच्या पुढच्या खंडाची ठेवण अजून कपींसारखीच असल्याचं २०२१ मध्ये मांडलं गेलं. आपल्यासारखी ठेवण त्यानंतर, साधारण १५ ते १७ लाख वर्षांपूर्वी येते. आफ्रिकेबाहेर पडणारे पहिले मानव जुन्या ठेवणीच्या मेंदूनिशी बाहेर पडले. आकार आणि ठेवण या दोन गोष्टी एकदम बदललेल्या नाहीत. नालेदीचा मेंदू लहान असूनही पुढच्या खंडाच्या घड्या मात्र होमोसारख्या वाटतात.

जिज्ञासू

पुरातनताई, मग तुमच्या मताप्रमाणे वेळ आधी लांबली की आकार आधी वाढला? जीवाश्मांतून हे कळू शकतं का?

पुरातन

नेमका प्रश्न विचारलात, आणि काही अंशी कळतं. इथिओपियातच दिकिका इथे २००० मध्ये लूसीच्या प्रजातीच्या एका लहान मुलीचा सांगाडा मिळाला, ३३ लाख वर्षांपूर्वीचा. दातांच्या आत रोजच्या वाढीच्या रेघा उमटतात. सिंक्रोट्रॉन या कणवेगवर्धक यंत्राच्या तीव्र क्ष-किरणांनी दात न फोडता त्या मोजल्या तेव्हा मृत्यूच्या वेळचं वय अडीच वर्षांच्या जरा आत आलं. कवटीच्या आतलं आकारमान २७५ घनसेंटिमीटरच्या आसपास. प्रौढांची सरासरी ४५० च्या जवळ, म्हणजे या वयाला मेंदूची वाढ अजून बरीच बाकी होती. या वयाच्या चिंपांझीच्या पिल्लात ती बहुतांशी उरकलेली असते. आणि त्याच अभ्यासात, २०२० मध्ये, मेंदूच्या घड्यांची ठेवण मात्र कपींसारखीच निघाली.

म्हणजे मेंदू कपीएवढा, ठेवण कपीची, पण वाढ लांबलेली. मोठा मेंदू यायच्या दहाएक लाख वर्षं आधी!

उत्तरध्रुव

पण पुरातन, त्या वयाच्या कवट्या त्या प्रजातीच्या मिळाल्यात किती? एक-दोनच. आणि ही मुलगी तिच्या वयाच्या मानाने मुळातच लहान मेंदूची असू शकते. माणसांतही व्यक्तीव्यक्तीत केवढा फरक असतो.

पुरातन

हो, त्यामुळे मी या एका मुलीवर सगळा भार टाकणार नाही. दोन-तीन वर्षांच्या आणखी कवट्या हव्यात, वय दातांवरून नक्की केलेलं हवं. त्या चिंपांझीच्या गतीनेच भरलेल्या निघाल्या तर 'आधी वेळ, मग आकार' हे मला सोडावं लागेल. गर्भातला आणि बालपणातला उशीर तरीही राहील, कारण तो आज जिवंत असलेल्या माणसांत आणि कपींत मोजता येतो. दिकिकाच्या मुलीचे दात तपासणारा तो अभ्यास कुणी मुळातून वाचणार असेल तर इथे जरूर लिहा, मला घड्यांच्या मोजमापाबद्दल एक-दोन गोष्टी विचारायच्या आहेत.